लोणार नुसतं उन्हानं आटत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळा आला की पेपरात ठरलेली बातमी येते, पारा चढला, लोणार सरोवर आटायला लागलं, ग्लोबल वॉर्मिंगचा फटका वगैरे. मी मेहकरचा, शाळेत असल्यापासून त्या विवरात उतरतोय, म्हणून लिहितोय की प्रकरण एवढं सरळ नाहीये.

या सरोवरातून बाहेर वाहणारा नालाच नाही, त्यामुळे पाणी जातं ते मुख्यतः वाफ होऊन आणि मीठ, सोडा मागे उरतो. पण वाफ किती होणार ते एकट्या पाऱ्यावर नसतं, वारा किती, हवा कोरडी किती, ऊन किती हे पण बघावं लागतं. वर काठावर टोपी धरून उभं राहावं लागतं आणि खाली कमळजा देवीच्या देवळाजवळ पान हलत नाही, अंगावरचा घाम सुकत नाही. जिथं घाम सुकत नाही तिथं तळं पण सावकाशच सुकणार ना! शिवाय पाणी जेवढं खारट तेवढी वाफ कमी, लोणारला हा फरक थोडाच पडत असेल पण मृत समुद्रात चांगलाच पडतो.

अजून एक गंमत, विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत भारतात तापमान वाढत होतं तरी बाष्पीभवन मोजायच्या पात्रांतले आकडे बऱ्याच ठिकाणी खाली आले, कारण हवा दमट झाली, वारा आणि ऊन कमी पडलं.

मग जगाचा हात नाहीच का? आहे की, पण तो जास्त करून पावसातून येतो. तिकडे पॅसिफिक तापला, एल निनो आला की आपला मान्सून बऱ्याचदा लंगडतो, ऑगस्ट 2023 तर देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. मग पातळी उतरली ती पाणी जास्त उडालं म्हणून, पाऊसच कमी आला म्हणून, का आजूबाजूच्या बोअरवेलनी ओढलं म्हणून? जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं खारेपणा वाढून मीठ-प्रेमी सूक्ष्मजीव माजल्याचं सांगितलं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त रंग.

माझं म्हणणं एवढंच, बाष्पीभवनाचं पात्र, वाऱ्याचा मीटर आणि पातळीची पट्टी खाली पाण्याजवळच पाहिजे, वरच्या गावातली नको. पात्रातलं पाणी तळ्यापेक्षा जास्त उडतं, आकड्याला साधारण 0.7 नं गुणावं लागतं, हेही सांगा. आणि धरणांचा साठा छापता तसा लोणारचा आकडा आठवड्यातून एकदा कोपऱ्यात छापा, पावसाळ्यात सुद्धा.

आपला एक वाचक, मेहकर