शाळा बंद ठेवण्याचाही आराखडा हवा

संपादक महाशय,

जून २०२० मध्ये ज्या मुलांचे नाव पहिलीत घातले, त्यांना सलग वर्षभराची शाळा मिळाली ती जून २०२२ पासून, म्हणजे थेट तिसरीत. डिसेंबर २०२१ मध्ये पहिलीपासूनचे वर्ग उघडले होते, पण जानेवारीत पुन्हा कुलूप लागले. करोना साथीच्या त्या काळात जिल्हा परिषदांच्या शाळांनी पुष्कळ धडपड केली. काय जमले आणि काय फसले याची समज मात्र त्या त्या शिक्षकाजवळच राहिली. बदली झाली की तीही त्याच्याबरोबर जाते. साथ असो, अतिवृष्टी असो की उष्णतेची लाट, शाळा बंद ठेवण्याची वेळ पुन्हा येणार. त्यासाठी प्रत्येक केंद्राकडे, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाकडे, लेखी आराखडा तयार असावा, अशी आमची मागणी आहे. त्यात काय असावे, ते अनुभवाच्या आधारे मांडतो.

‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या अभ्यासमालेत रोज व्हॉट्सअॅपवर दुवे येत. केंद्रप्रमुखांना अहवाल जाई तो किती पालकांना दुवे पाठवले याचा. पण घरातला एकच फोन बाप कामावर घेऊन जातो, तो परत येतो रात्री आठला. तोवर लहान मूल पेंगलेले असते, नाहीतर मोठ्या भावंडाचा नंबर आधी लागतो. पाच इंची पडद्यावर पीडीएफमधली जोडाक्षरे वाचता येत नाहीत, आणि दोन व्हिडिओ पाहिले की दिवसाचा डेटा संपतो. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेल्या ‘टिलीमिली’ या शैक्षणिक मालिकेला डेटा लागत नव्हता, हा तिचा मोठा गुण, पण ऐन वेळी वीज गेली की तो भाग बुडाला. पालघरच्या मोखाडा-जव्हार भागात ध्वनिक्षेपकावरून ‘बोलकी शाळा’ भरली, ती या दोन्ही अडचणी ओळखूनच.

म्हणून पहिले काम दरवर्षी जूनमध्ये उरकावे. हजेरीपटाशेजारी एक रकाना आखून प्रत्येक मुलापुढे चारपैकी एक खूण करावी: दिवसा हाताशी फोन, फक्त रात्री फोन, फक्त टीव्ही, काहीच नाही. संपर्कासाठी दोन क्रमांक घ्यावेत, त्यातला एक शेजाऱ्याचा, कारण पालकांचे सिम वरचेवर बदलते. शेवटच्या दोन खुणांची मुले आधी मोजायची आणि आखणी त्यांच्यापासून सुरू करायची.

या मुलांपर्यंत पोचतो तो कागद. एका पानाच्या एका बाजूला भाषा, दुसऱ्या बाजूला गणित, अशी पंधरवड्याच्या १२ शालेय दिवसांसाठी १२ पाने. ३० मुलांच्या शाळेला ३६० पाने लागतात. ५०० कागदांचे एक रीम पुरून उरते. शाळेला दरवर्षी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातून हा खर्च करता यावा आणि ते अनुदान वर्ष सरताना नव्हे, सुरुवातीलाच हातात पडावे. मोठी बहीण पाने भरून देते, ही यातली नेहमीची अडचण. त्यावर उपाय एकच, पान परत घेताना मुलाला त्यातल्या दोन ओळी समोर वाचायला लावायच्या.

हे परत घेणे जमवायचे असेल तर ते पोषण आहाराशी जोडावे. शाळा बंद असली की शिजवलेल्या जेवणाऐवजी त्याचा कोरडा शिधा वाटला जातो. आमच्या मते साऱ्या आराखड्याचा कणा हाच आहे. पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, असे प्रमाण ठरलेले आहे. दोन-दोन महिन्यांचा शिधा एकदम वाटला तर पाचवीपर्यंतच्या मुलाचे ४८ शालेय दिवसांचे ४ किलो ८०० ग्रॅम होतात. पालक येऊन पोते घेऊन जातात, मूल शाळेकडे फिरकतही नाही. तोच शिधा पंधरवड्याने १ किलो २०० ग्रॅम दिला तर ते स्वतः पिशवी घेऊन येते, जुनी पाने देते, नवी नेते. लागोपाठ दोनदा जे आले नाही, त्याच्या घरी जायचे. गळतीची यादी अशी महिन्याभरात हाती येते, एरवी ती कळायला वर्ष जाते. वाटपाच्या खेपा वाढतात, वजनकाटा आणि मदतनीस लागतो, हे खरे. पण कोरडा शिधा घरच्या डब्यात मिसळतो आणि शिजवलेला घास मुलाच्या पोटात जातो, हा फरक पाहता मुलाशी निदान एवढी गाठ राहायलाच हवी. रोख रक्कम हा पर्याय नव्हे. २०२१ मध्ये उन्हाळ्याच्या आहारापोटी १५६ आणि २३४ रुपये मुलांच्या खात्यात टाकायचे ठरले, तेव्हा खाते उघडायच्या खेपांतच कित्येकांची त्याहून जास्त मजुरी बुडाली.

शाळा बंद असताना वस्तीवर पाच-सात मुलांचा गट उघड्या जागी दोन तास भरवावा. प्रत्येक गटाला दोन शिक्षणमित्र, म्हणजे शिकवायला मदत करणारे गावातले तरुण, हवेत, कारण महाविद्यालय सुरू झाले की त्यातला एक जातोच. ऊसतोड कुटुंबांची यादी दिवाळीआधी वेगळी काढावी. शाळा आणि हंगामी वसतिगृह दोन्ही बंद असली की मूल आईबापांबरोबर फडावर जाते. शहरातून गावी परतलेल्या मुलांना दाखल्यासाठी अडवू नये. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ त्याबाबत स्पष्ट आहे.

शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडूच नये. प्रत्येक मुलाला पाच मिनिटे जवळ बसवून पाहावे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांतले कुठपर्यंत वाचता येते, दोन अंकी संख्या ओळखते का, हातच्याची वजाबाकी जमते का. ४० मुलांना २०० मिनिटे लागतात, शाळेचा एक दिवसही नाही. मग तिसरी ते पाचवी एकत्र करून रोज दीड तास इयत्तेऐवजी पातळीनुसार गट बसवावेत. १ जुलै २०२१ पासूनचा ४५ दिवसांचा सेतू अभ्यास, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, इयत्तानिहाय होता, आणि तेव्हा बहुतेक शाळा बंदच होत्या. ज्या चौथीच्या मुलाला अक्षरेच येत नव्हती, त्याला तिसरीची उजळणी कशी पेलणार? २०२१ च्या प्रगतिपुस्तकावर ‘वर्गोन्नत’ एवढाच शेरा आहे. मूल कुठे अडले आहे, हे पुढच्या शिक्षकाला त्यातून कळत नाही.

‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२२ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०.५ टक्क्यांवर आली. ही मुले आता उच्च प्राथमिक वर्गांत आहेत. त्यांच्यातल्या प्रत्येकाची पाच मिनिटांची वाचनचाचणी अजूनही घेता येईल, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी ती याच सत्रात घ्यावी.

— जिल्हा परिषद शाळांतील काही प्राथमिक शिक्षक