चॉकलेट वहिनींचं, फोटो दादाचा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारी पुरवणीत तुम्ही आमच्या लातूरकडच्या घरगुती चॉकलेटवाल्यांवर अर्धं पान दिलं, बरं वाटलं, नाहीतर आमच्याकडचं छापायचं म्हणलं की दुष्काळ नाहीतर सोयाबीनचा भाव. पण त्यात "संस्थापक" म्हणून फोटो आलाय तो माझ्या दादाचा, अन् तेव्हापासून घरात वहिनी कुणाशी धड बोलंनात, म्हणून लिहायलोय.

धंदा सुरू केला वहिनींनी. भिशी लागली त्या पैशात सिलिकॉनचे साचे अन् कंपाउंडचे (कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेलं स्वस्त चॉकलेट) दोन स्लॅब आणले, बस. खरं चॉकलेट ३४ डिग्रीच्या आसपास वितळायला लागतं, कंपाउंड थोडं जास्त तग धरतं, पण आमच्या एप्रिलमधल्या चाळीसच्या वर दोन्हीचं पाणी. कूलर लावावा तर दमट हवा, अन् वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचा एक थेंब जरी गेला तरी सगळं दाणेदार होऊन आळतं. मग वहिनी पहाटे चारला उठायच्या, कूलर बंद, पंखा बंद, घामानं निथळत साचे भरायच्या. भूमच्या खव्याचं सारण भरून बघितलं, चवीला एक नंबर, पण चार दिवसात आंबट! शेवटी शेंगदाण्याच्या कुटावर गाडी थांबली अन् तेच चाललं. दादा तेव्हा मोबाईलच्या दुकानात होता, संध्याकाळी डबे पोचवायचा, एवढंच.

आता माझी चूक सांगतो. फूड लायसन्सचा फॉर्म मी भरला, त्या वेळी वर्षाला १०० रुपये फी होती. मालक कोण या रकान्यात मी दादाचं नाव टाकलं, का तर "बँकेत बरं पडतं". मग करंट अकाउंट, उद्यम म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सगळं त्याच नावानं पुढं गेलं. एकट्याच्या मालकीत दुकान अन् माणूस कायद्याला एकच दिसतं, म्हणजे कागदावर वहिनी कुणीच नाहीत. अन् बँकेचं म्हणाल तर पीएमईजीपीत, म्हणजे नव्या धंद्याच्या कर्जावर सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, बाईच्या नावानं अर्ज गेला असता तर शहरात २५ टक्के सबसिडी होती, दादा जनरलमधला, त्याला १५. हे मला नंतर कळालं.

दादाचं म्हणणं, घरातलंच आहे, नावानं काय होतं? होतं ना. २०२४ ला रावळगावच्या पान पसंद अन् मँगो मूड या गोळ्यांचे ब्रँड रेसिपीसकट रिलायन्सच्या कंपनीनं २७ कोटीला घेतले, वालचंद हिराचंदांच्या काळापासूनचं नाव ते. असल्या व्यवहारात पैसा जातो तो ट्रेडमार्क ज्याच्या नावावर आहे त्याला, पाक ज्यानं घोटला त्याला कोण विचारतं. आमचं काय कुणी २७ कोटीला घेणार नाही, पण उद्या २७ हजाराला जरी कुणी आलं तरी सही दादाचीच लागणार.

तर आता पार्टनरशिप करायचं ठरलंय, निम्मं-निम्मं. त्याला फूड लायसन्सचा नंबर नवीन घ्यावा लागतो, अन् जुन्या नंबरचे रॅपर पोतंभर पडलेत. दादा म्हणतो आधी ते संपवू, वहिनी म्हणतात चुलीत घाल.

तुम्ही तेवढी दुरुस्ती छापा. फोटो नको म्हणायल्यात त्या, नाव वेगळ्या चिठ्ठीत पाठवलंय.

आपला,
एक वाचक, लातूर