मन्या, तुझं ॲप आणि आमचं लेआउट

मन्या,

परवा फोनवर तू म्हणालास की आता घरूनच काम करायची परमिशन मिळून राहिली, तर नागपूरला परत येऊ का. मी "ये ना बे" म्हटलं आणि तेवढ्यात शाळेची बेल झाली, पण तेव्हापासून तेच डोक्यात आहे म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

तू डिलिव्हरी ॲपचे रूट ठरवतोस, मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवतो. पोरं मला विचारतात, सर, सगळं मोबाईलवर आलं, आता अंतर राहिलंच कुठं? मी त्यांना केबलचा नकाशा काढून दाखवतो. तू उद्या नागपुरातून अमेरिकेशी बोलशील तेव्हा तुझा आवाज आधी मुंबई नाहीतर चेन्नई गाठेल आणि तिथून समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमध्ये शिरेल, कारण खंडाखंडांमधला ९५ टक्क्यांहून जास्त डेटा तिथूनच जातो, सॅटेलाइटवरून जातो तो अगदीच किरकोळ. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ केबल तुटल्या आणि आपल्याकडचं नेट पार रडायला लागलं होतं. गंमत बघ, १८७० मध्ये इंग्रजांची तारसुद्धा मुंबईहूनच समुद्रात उतरली होती! म्हणून डेटा सेंटरं नवी मुंबईत धडाधड उभी राहतात, आणि आपण देशाच्या मधोमध असूनही वायरच्या हिशोबात आतल्या बाजूला पडतो.

नकाशाचंही तेच आहे. तू नागपुरातल्या झिरो माईलच्या, म्हणजे इंग्रजांच्या मोजणीच्या दगडापाशी हजारदा उभा राहिलास पण हिंगणघाटला लॅम्ब्टन या इंग्रज सर्वेयरची कबर आहे हे तुला कोणी सांगितलं नसेल. १८०२ मध्ये मद्रासहून त्याने अख्खा देश मोजायला घेतला, साखळ्या आणि कोन मोजायचं भलंमोठं थिओडोलाइट घेऊन, आणि १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे येता येता हिंगणघाटला वारला. त्याच्या टोळीतली कितीतरी माणसं तापाने गेली. एवढी मेहनत कशासाठी, तर कंपनी सरकारला राज्य करायचं होतं, सारा गोळा करायचा होता, फौजा हलवायच्या होत्या. ज्याला गरज असते तो नकाशा काढतो, आणि त्याच्या गरजेचं तेवढंच त्यात ठळक येतं. तुझ्या ॲपमध्ये धरमपेठेतलं कॉफीचं दुकान दरवाजासकट दिसतं आणि आमच्या मागच्या वस्तीच्या जागी नुसता करडा रंग आहे, तिथे दोनशेच्या वर घरं असतील बे!

आमचं बेसाकडचं लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली ही वस्ती, तुला माहीत आहे, गल्ल्यांना नावं नाहीत, प्लॉट नंबर पण सलग नाहीत, पत्ता म्हणजे पाण्याच्या टाकीमागे, देवळाच्या बाजूला, पांढरं गेट. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी एक डिलिव्हरीवाला पोरगा आमच्या फाटकापाशी उभा होता, मोबाईलवर तो निळा ठिपका नाल्याच्या या काठावरून त्या काठावर उड्या मारत होता, आणि रूट त्याला नाल्यातून सरळ जा म्हणत होता. तिथे पूल नाहीच. खाली उरलेली मिनिटं लाल अक्षरात कमी होत चाललेली. बाबा बाहेर आले, त्यांनी फक्त आडनाव विचारलं आणि त्याच्या गाडीवर मागे बसून त्याला घरापर्यंत सोडून आले. तीस-पस्तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस. तोवर उशीर झालाच होता, आणि पोरगा म्हणाला की याचे पैसे कटतात. बाबा त्या दिवशी फार अस्वस्थ होते. त्यांचं म्हणणं, चूक पत्त्याची आणि दंड पोराला, हे कोणतं काम?

ते पिनकोडचं उदाहरण देतात नेहमी. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, आपल्या मराठी माणसाने, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणला, आणि त्यात गडचिरोलीच्या टोकाच्या गावालाही मुंबईसारखाच सहा आकडी नंबर. आता २०२५ मध्ये पोस्टाने डिजिपिन काढलाय, अख्ख्या देशाचे साधारण ४ बाय ४ मीटरचे चौकोन आणि प्रत्येकाला दहा अक्षरांचा कोड. म्हणजे झोपडीलाही पत्ता आला. हे मला मनापासून आवडलंय. पण तुमच्यासारख्यांनी तो वापरला तर त्याचा उपयोग ना.

आणि एक सांगायचंच आहे. २०२० च्या उन्हाळ्यात तू लॅपटॉप घेऊन घरी आलास, तुझं काम एक दिवस थांबलं नाही. त्याच वेळी पांजरीच्या टोलनाक्यावर आम्ही पोळीभाजी वाटत होतो, आणि तेलंगणाकडून माणसं पायी येत होती, मध्य प्रदेश, यूपी, बिहारला निघालेली, कडेवर लेकरं. फोन त्यांच्याकडेही होते. घर किती किलोमीटर आहे हे तेवढं त्यात दिसत होतं. कोणाचं काम वायरमधून जातं आणि कोणाला स्वतःचं शरीर घेऊन कामाच्या जागी जावंच लागतं, खरी दरी ही आहे. मिहानमधल्या आयटी कंपनीत बसलेला पोरगा आणि त्याच्या इमारतीला विटा वाहणारा, दोघं एकाच खापरीत आहेत, पण एक जगाला जोडलेला आहे आणि एकाला ठेकेदाराचा फोन आला तरच उद्याची रोजी.

तर तू ये. खरंच ये, आईलाही आता आधार पाहिजे. घर मात्र स्वस्त मिळतं म्हणून बेसा-पिपळ्याच्याही पुढे घेऊ नको, मेट्रोच्या जवळपास बघ, उज्ज्वलनगर किंवा छत्रपती चौकाकडे, म्हणजे सीताबर्डीला लाईन बदलून कुठेही जाता येतं. आणि तुझ्या टीमला तो नाला सांग. मी लोकेशन आणि फोटो दोन्ही पाठवतो, बाबा गल्ल्यांची यादी हाताने लिहून देतो म्हणालेत. रूट दुरुस्त होईपर्यंत तिथल्या ऑर्डरींना दहा मिनिटं तरी वाढवून द्या, एवढं तुझ्या हातात असेल तर या आठवड्यातच कर. काय झालं ते कळव.

तुझाच,
पक्या