बरोबरच्या चिन्हापासून सुरुवात कर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वाचनगटाचा हिशेब तुझ्या गळ्यात पडला, चाळीस सभासदांची वर्गणी आता स्प्रेडशीटमध्ये ठेवायची ठरली, आणि दोन संध्याकाळी तिच्याशी झटल्यावर वहीच बरी होती असं तुला वाटायला लागलं, हे सगळं वाचलं. सोबत पाठवलेली फाईल रात्रीच उघडून बघितली. नावं व्यवस्थित, आकडेही बरोबर. पण तळाच्या बेरजेवर क्लिक केलं, तर वरच्या पट्टीत नुसतं ७६०० दिसलं. म्हणजे बेरीज तू कॅल्क्युलेटरवर केलीस आणि आलेलं उत्तर तिथे टाइप केलंस. तुझी सगळी अडचण त्या एका सेलमध्ये, म्हणजे चौकटीत आहे, म्हणून आज त्याबद्दलच लिहितो.

ती शीट म्हणजे आखलेली वही नव्हे. वहीतल्या चौकटीला नाव नसतं, इथल्या प्रत्येक सेलला पत्ता असतो. वर कॉलमची (उभ्या रकान्यांची) अक्षरं, डावीकडे रोचे (आडव्या ओळींचे) आकडे. सी कॉलम आणि पाचवी रो जिथे भेटतात तो सी५. (मी इथे देवनागरीत लिहितोय, तू कीबोर्डवर अक्षरं आणि आकडे इंग्रजीच टाइप कर.) पत्ता असल्यामुळे एका सेलला दुसऱ्या सेलबद्दल बोलता येतं. तुझ्या फाईलमध्ये ए मध्ये नाव, बी मध्ये किती महिने भरले आणि सी मध्ये जमा रक्कम आहे. सी२ मध्ये तू ३०० टाइप केलंयस. ते पुसून टाक आणि लिही: =बी२*१००. एंटर दाबल्यावर दिसेल ३००च, पण आता तिथे आकडा नाही, हिशेबाची रीत आहे, म्हणजे फॉर्म्युला. बी२ मधले तीनाचे चार महिने कर, सी२ आपोआप ४०० होईल. बरोबरच्या चिन्हाने सुरुवात झाली की प्रोग्रामला कळतं, हे नुसतं दाखवायचं नाही, करायचं आहे.

ही कल्पना सुचली कशी, ती गोष्ट मला फार आवडते. १९७८ च्या सुमारास डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचं मोठं कोष्टक मांडायचे. त्यातला एक आकडा चुकला किंवा बदलावासा वाटला, की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे एकामागून एक पुसून पुन्हा लिहावे लागायचे. ब्रिकलिनच्या मनात आलं, फळ्यानेच ते पुढचं पुसून लिहिलं तर? त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने मिळून व्हिझिकॅल्क हा स्प्रेडशीटचा प्रोग्राम बनवला आणि १९७९ मध्ये तो ॲपल टू या संगणकासाठी बाजारात आला. त्यात ६३ कॉलम आणि २५४ रो होत्या. आजच्या एक्सेलमध्ये १६,३८४ कॉलम आणि १०,४८,५७६ रो असतात. रिकाम्या शीटवर कंट्रोल धरून खालचा बाण दाब, थेट शेवटच्या रोवर जाशील. पसारा इतका वाढला, पण गाभा तोच राहिला: एक आकडा बदलला की त्याच्या जिवावरचे सगळे बदलतात. उत्तरं हाताने टाइप करणारा माणूस पुन्हा त्या फळ्यापाशीच उभा असतो, आणि तुझ्यासारख्याने तिथे उभं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

आता सी२ चं काम बाकी एकोणचाळीस जणांसाठी कसं करायचं? सी२ वर क्लिक केलंस की त्या सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीकसा चौकोन दिसतो. तो पकडून खाली ओढ. सी३ मध्ये आपसूक =बी३*१०० येईल, सी४ मध्ये =बी४*१००. तू बी२ लिहिलंस, तरी प्रोग्राम ते "माझ्या डावीकडचा शेजारी" असं लक्षात ठेवतो. फॉर्म्युला खाली सरकला की शेजारीही त्याच्याबरोबर सरकतो.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. खरी अडखळ पुढच्या पायरीवर आहे. ते १०० चाळीस ठिकाणी लिहून ठेवणं बरं नाही, ते एकाच जागी हवं. म्हणून एफ१ मध्ये १०० लिही आणि सी२ मध्ये =बी२*एफ१ कर. उत्तर बरोबर येईल. आता खाली ओढ, आणि सी३ पासून शून्य, शून्य, शून्य! घाबरू नकोस, सी३ वर क्लिक करून वरच्या पट्टीत बघ. तिथे =बी३*एफ२ असेल. बी सरकला तसा एफसुद्धा सरकला, आणि एफ२ तर रिकामा आहे. एफ१ ला जागेवर खिळून ठेवायचं तर त्यातल्या अक्षराआधी आणि आकड्याआधी डॉलरचं चिन्ह लावायचं: =बी२*$एफ$१. फॉर्म्युल्यात एफ१ वर कर्सर ठेवून एफ४ ची कळ दाबली की ती चिन्हं स्वतःहून लागतात (काही लॅपटॉपवर एफएन सोबत दाबावं लागतं). मला वाटतं, डॉलरचं हे चिन्ह समजलं त्या दिवशी स्प्रेडशीट आली असं म्हणायला हरकत नाही. बाकी सगळं सवयीने येतं.

एक जपायचं मात्र. वर्गणी मध्येच वाढवलीत तर एफ१ बदलल्याबरोबर जुन्या दराने भरलेल्यांचे आकडेही बदलतील. तेव्हा दरासाठी वेगळा कॉलम कर आणि ज्याचा जो दर तो त्याच्या रोमध्ये लिही.

बेरजेसाठी =सम(सी२:सी४१). सम म्हणजे इंग्रजी SUM, आणि मधला अपूर्णविराम म्हणजे "पासून, पर्यंत". पण उद्या एक्केचाळिसावा सभासद आला आणि त्याचं नाव बेचाळिसाव्या रोमध्ये गेलं, की तो या बेरजेच्या बाहेर राहील. माझ्याच बाबतीत हे झालंय. घरखर्चाच्या शीटमध्ये मी खाली नोंदी वाढवत गेलो आणि वरची बेरीज तीन महिने जुन्याच ओळीपाशी थांबली होती. काहीच लाल झालं नाही, कुठे सूचना आली नाही, आकडा अगदी शहाण्यासारखा दिसत होता. मोठमोठ्या लोकांच्या हातूनही असं सुटतं. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा २०१० चा निबंध जगभर चर्चिला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ फाईल तपासली, तेव्हा सरासरीच्या फॉर्म्युल्यातून पाच देश निसटल्याचं उघड झालं. तू बेरीज तळाशी ठेवूच नकोस. एफ३ मध्ये लिही =सम(सी:सी), म्हणजे अख्खा सी कॉलम. खाली कितीही नावं वाढली तरी ती धरली जातील. फक्त हा फॉर्म्युला सी कॉलमच्या आत टाकू नकोस, नाहीतर तो स्वतःलाच मोजायला जाईल आणि प्रोग्राम तक्रार करेल.

तुझ्या फाईलमधली आणखी एक गोष्ट. सतराव्या रोमध्ये तू "२०० रोख" असं लिहिलंयस. आपल्याला ते दोनशेच वाटतात, पण शब्द जोडल्याबरोबर प्रोग्रामच्या लेखी तो मजकूर झाला, आणि सम मजकूर निमूटपणे सोडून देतं. ओळखायची खूण सोपी आहे: आपण मुद्दाम काही बदललं नसेल तर आकडे सेलच्या उजव्या कडेला चिकटतात, मजकूर डाव्या. सी कॉलमवरून वरपासून खालपर्यंत नजर फिरव, जो डावीकडे बसलाय त्याची चौकशी कर. "रोख" साठी डी कॉलम दे. एका सेलमध्ये एकच गोष्ट.

फोन नंबरचं याच्या उलट. शून्याने सुरू होणारा नंबर टाइप केलास की पहिलं शून्य गळून पडतं, कारण आकड्याला त्याची गरज नसते. तो कॉलम आधीच टेक्स्ट, म्हणजे मजकुराचा, करून ठेव. तारखांच्या बाबतीतही प्रोग्राम आपल्या मनाने वागतो. एक्सेल तारीख आतून दिवसांच्या मोजणीने ठेवतं: १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. म्हणून तर दोन तारखांची वजाबाकी केली की मधले दिवस मिळतात. पुस्तक किती दिवस कोणाकडे राहिलं ते तुला असंच काढता येईल. पण ज्याला तारखेचा वास येतो ते सगळंच तो तारीख करून टाकतो. या खोडीपायी २०२० मध्ये माणसाच्या काही जनुकांची नावं बदलावी लागली. "मार्च१" नावाच्या जनुकाची शीटमध्ये १ मार्च व्हायची, आता ते "मार्चएफ१" आहे.

सॉर्टची धास्ती तुला वाटते, ती रास्त आहे. एकटा नावांचा कॉलम निवडून अकारविल्हे लावलास तर नावं हलतील, रकमा जागच्या जागी राहतील, आणि एकाची वर्गणी दुसऱ्याच्या नावावर जाईल. एक्सेल आधी विचारतं, बाजूचे कॉलमही घ्यायचे का. तिथे हो म्हण. मधे रिकामा कॉलम सोडू नकोस. आणि चुकलंच तर लगेच कंट्रोल-झेड. त्याआधी फाईलची एक प्रत काढलेली असावी, हे तर तू वहीच्या बाबतीतही करायचास.

चार्ट, रंग, पिव्हट टेबल यांच्या मागे आत्ता लागू नकोस. एक्सेल विकत घ्यायचीही घाई नको. लिबरऑफिसचं कॅल्क फुकट मिळतं, गूगल शीट्स ब्राउझरमध्येच चालतं, आणि वर लिहिलेले फॉर्म्युले तिन्हीकडे चालतात.

आज रात्री एवढंच कर: सी कॉलममधले सगळे टाइप केलेले आकडे पुसून फॉर्म्युला ओढ, बेरीज एफ३ मध्ये घे, मग एफ१ मधल्या शंभराचे दीडशे करून चाळीसही रकमा एकदम हलताना बघ. बघून झालं की परत शंभर कर. फाईल रविवारपर्यंत पाठव. मी आधी सतरावी रो बघेन.

तुझाच,
जुना मित्र