सभेला जाण्याआधी हे वाचा

ठाणे,
१२ सप्टेंबर

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीचा फोटो मिळाला. सहा नंबरचा विषय मी तीनदा वाचला. ‘इमारतीची मोठी दुरुस्ती, अंदाजे खर्च ६४ लाख, प्रति सदनिका २ लाख.’ बस्स, एवढंच. सोबत ना स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल, ना कामांची यादी.

दुरुस्ती नकोच, असं माझं म्हणणं नाही. बिल्डिंगला छत्तीस वर्षं झाली. दुसऱ्या जिन्याच्या बीमला खालच्या बाजूने लांब सरळ तडा आहे आणि त्यातून तांबूस ओघळ आलाय. हा प्लास्टरचा तडा नव्हे. आतली सळई गंजली की ती फुगते, काँक्रीटला बाहेर ढकलते आणि मग पोपडा सुटतो. काम याच हिवाळ्यात व्हायला हवं. पण हा आकडा आहे तसा मंजूर करू नका.

आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. तीस वर्षांवरच्या इमारतीला मुंबई महापालिकेच्या कायद्याच्या कलम ३५३ब प्रमाणे तो करावाच लागतो, आणि सोसायटीच्या उपविधींप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, तिशीनंतर दर तीन वर्षांनी. अहवालात नुसते फोटो असतील तर तो अर्धाच समजा. रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा कठीणपणा), अल्ट्रासॉनिक (आतल्या भेगा-पोकळ्या), हाफ-सेल (सळईचा गंज) आणि कार्बोनेशन या चाचण्यांचे आकडे फ्लॅटवार, कॉलमवार दिलेले हवेत. कार्बोनेशनची चाचणी तुम्ही स्वतः उभं राहून बघू शकता. काँक्रीट थोडं फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडतात. गुलाबी झालं तर सळईला अजून संरक्षण आहे, रंग आलाच नाही तर ते संपलं. शेवटी इमारत कोणत्या वर्गात बसते तेही लिहिलेलं असतं: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच मोठी दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ. आपली सी-२बी निघेल असं मला वाटतं, पण ते अहवालाने सांगायचं, माझ्या अंदाजाने नाही.

एक गोष्ट कमिटीला शांतपणे पण ठामपणे सांगा. ज्या कंत्राटदाराने ‘ऑडिट फुकट करून देतो’ म्हटलंय, त्याला काम देऊ नये. ऑडिट करणारा आणि काम करणारा एकच असला की मोजमाप कोण तपासणार? सल्लागार वेगळा नेमायचा. त्याची फी वाचवायला गेलात तर बिलात त्याच्या कितीतरी पट जातील.

दुसरा कागद म्हणजे कामांची बाबवार यादी, प्रत्येक बाबीला परिमाण आणि दर. ‘इमारत दुरुस्ती, एकूण ६४ लाख’ असं एकरकमी कंत्राट मुळीच नको. पॉलिमर मॉर्टर (रसायन मिसळलेला सिमेंटचा दुरुस्तीचा गिलावा) अमुक जाडीचं इतके चौरस फूट, बाहेरचं दोन थरांचं प्लास्टर इतके, जुन्या बिडाच्या पाइपांऐवजी पीव्हीसी इतके रनिंग फूट, अशा ओळी हव्यात. बिल प्रत्यक्ष मोजमापावर निघावं, आणि मोजमापाच्या वहीवर कंत्राटदार, सल्लागार आणि कमिटीचा एक माणूस अशा तिघांच्या सह्या असाव्यात.

आकडा वाढतो तो पॉलिमर मॉर्टरच्या ओळीतच. खालून दिसणारा पोपडा दोन फुटांचा असतो, हातोडीने ठोकत गेलं की पोकळ आवाज सहा फुटांपर्यंत येतो. म्हणून टेंडर काढण्याआधी ठोकून पोकळ जागांवर खडूने खुणा करून घ्या, आणि तरीही दहा-पंधरा टक्के वर धरून चला.

बाबा, काम चालू झाल्यावर तुम्ही खाली फेरी मारताच. तेव्हा एवढं बघा. काँक्रीट सळईच्या मागे बोट जाईल इतकं फोडलंय का? सळई तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासली का? मग गंजरोधक लेप, त्यावर बाँडिंग कोट, आणि तो कोट चिकट असतानाच मॉर्टर. कोट वाळल्यावर मॉर्टर लावलं तर ते नुसतं टेकून राहतं, धरत नाही. एका वेळी दहा ते पंधरा मिलिमीटरचाच थर. पन्नासच्या वर जाडी लागली तर मॉर्टर थापायचं नाही, साचा लावून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं पातळ काँक्रीट) ओतायचं. सळई पाव हिश्शाने झिजली असेल तर शेजारी नवी जोडायची. आणि बीम फोडण्याआधी खाली टेकू लागले पाहिजेत. टेकू नसतील तर काम तिथल्या तिथे थांबवायला सांगा. यात भिडेखातर गप्प बसू नका.

गच्चीचं काम मे महिन्याच्या आत संपायला हवं. कोबा घातल्यावर उतार पावसाचं पाणी जायच्या तोंडांकडे शंभरास एक तरी हवा, कठड्याच्या बुडाशी गोल वाटा (गोलाईने भरलेला कोपरा) हवा, आणि तोंडं बंद करून अठ्ठेचाळीस तास पाणी साठवून दाखवायला हवं. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या चारही घरांचं छत त्या दोन दिवसांत बघायचं. हमी स्टॅम्प पेपरवर घ्या, आणि बिलाचे पाच टक्के निदान एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा.

आता पैशाचं. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी दरवर्षी साठवलेला निधी, किती आहे ते सभेत आधी विचारा. उपविधींत तो बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सांगितलाय, पण खर्च धरायचा तो बांधल्या वेळचा. समजा फ्लॅटला तेव्हा ४ लाख लागले, तर वर्षाला १,००० रुपये, बत्तीस फ्लॅटचे ३२,०००. पस्तीस वर्षांत व्याज सोडून ११ लाख २० हजार. म्हणून तो कधीच पुरत नाही. तरी आर्किटेक्टचा दाखला आणि सर्वसाधारण सभेचा ठराव असेल तर मोठ्या दुरुस्तीला तो वापरता येतो. तो आधी वापरा, उरलेल्याची वर्गणी काढा.

आणि ती वर्गणी सरसकट का? वॉचमन, सफाई, लिफ्ट यांचा खर्च सगळ्यांना सारखा, हे बरोबरच आहे. पण दुरुस्ती निधी उपविधींत प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर ठरतो, वर्षाला किमान पाऊण टक्का. मग मोठ्या दुरुस्तीची वर्गणीही क्षेत्रफळावर मागणं रास्त आहे. आपला वन-बीएचके ४३० चौरस फूट, समोरचा टू-बीएचके ६४०. दोन्ही प्रकार सोळा-सोळा. ६४ लाख क्षेत्रफळावर वाटले तर आपल्याला साधारण १ लाख ६१ हजार येतात आणि मोठ्या फ्लॅटला २ लाख ३९ हजार. सभेत हा हिशेब कागदावर लिहून न्या, तोंडी सांगितलेलं गोंधळात विरून जातं. हप्ते धरून एका सभासदाची महिन्याची वर्गणी ७,५०० च्या वर गेली आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर १८ टक्के जीएसटीचा प्रश्न येतो, तेव्हा सीएचं उत्तर लेखी मागा.

सभेला गणसंख्या, म्हणजे किमान हजेरी, वीसची लागते. पण वीस जमले नाहीत आणि सभा तहकूब झाली, की तहकूब सभेला गणसंख्येची अट राहत नाही. मग सात-आठ माणसं ६४ लाखांचा ठराव करून मोकळी होतात. म्हणून वेळेवर जा आणि शेजारच्या दोन-तीन घरांनाही घेऊन जा. ठराव विरोधाचा मांडू नका, असा मांडा: ‘ऑडिट अहवाल व बाबवार अंदाजपत्रक सर्व सभासदांना दिल्यावर विशेष सभा बोलवावी व तीत निविदा मंजूर करावी.’ विशेष सभेला पाच दिवसांची नोटीस पुरते. दिवाळीनंतर परांची बांधायला तरी वेळ सापडतो.

आई, बाथरूमच्या छतावरचा तो पिवळा, पांढरी कड असलेला डाग या कामात जाणार नाही. तो बहुधा वरच्या फ्लॅटचा आहे, आणि तसं असेल तर खर्चही त्यांचाच. पण भांडण्याआधी एवढं करून बघ. त्यांना सांगून त्यांच्या बाथरूममधली नहाणी (पाणी जायचं जाळीचं तोंड) कापडाच्या गोळ्याने बंद करायची, दोन इंच पाणी साठवायचं, पातळीला टाइलवर पेन्सिलची रेघ मारायची आणि चोवीस तास थांबायचं. पाणी उतरलं आणि डाग ओला झाला तर दोष फरशीत किंवा नहाणीच्या जोडात. काहीच झालं नाही, पण डाग एरवी रात्रंदिवस ओला असतो, तर नळाची पाइप गळतेय. फक्त पावसातच ओला होत असेल तर बाहेरची भिंत, आणि ती मात्र सोसायटीची. निकाल लागला की तारीख घालून सेक्रेटरींना पत्र द्या, पोच घ्या.

परांची लागली की बेडरूमच्या खिडकीला आतून कडी, रात्री आणि दुपारी तुम्ही झोपता तेव्हाही. ग्रिलमधल्या कुंड्या, तुळससुद्धा, आदल्या रविवारी आत घ्या. प्लास्टरच्या शिंतोड्यांनी झाडं जळतात. सगळ्या मिळून नऊ कुंड्या आहेत, त्या मी येऊन उचलीन. आई, तू वाकू नकोस.

तुमची,
मनू