मटार सोलता सोलता

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

आरुष शाळेतलं काहीच सांगत नाही, "आज काय झालं?" विचारलं की "काही नाही" म्हणतो, अशी तुझी तक्रार. अगं, सात वर्षांच्या मुलाला हा प्रश्नच मोठा होतो. परिपाठापासून शेवटच्या तासापर्यंत शंभर गोष्टी घडतात. त्यातली कुठली सांगायची हे त्याला ठरवता येत नाही. त्यातून तू विचारतेस दारात, दप्तर खांद्यावरून उतरायच्या आत. तेव्हा त्याला भूक लागलेली असते, बहुतेक शूसुद्धा. शाळेतल्या मुतारीत जायचं टाळून कितीतरी मुलं दिवसभर धरून ठेवतात.

हातपाय धुऊन त्याला खाऊ दे. अर्धा तास शाळेचं नाव काढू नकोस. मग समोर न बसवता शेजारी बसव आणि हातात काम दे: मटार सोल, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लाव. नजर शेंगेवर असली की तोंड सुटतं. (स्कूटरवर मागे बसूनही मुलं भडाभडा बोलतात, पण हेल्मेटमध्ये निम्मं ऐकू येत नाही.)

प्रश्न नेमका हवा. "मधल्या सुट्टीत काय खेळलात?" "बाकावर शेजारी कोण होतं?" एक विचारून मनात दहापर्यंत मोज. आपण तीनलाच दुसरा प्रश्न टाकतो आणि गप्पांची उलटतपासणी होते. काहीच निघालं नाही तर आपली फजिती सांग, लोकल कशी चुकली ते. "आमच्या वर्गात तर..." तो आपणहून सुरू करील.

खरं बिनसतं ते त्यानं सांगितल्यावर. "त्यानं माझी पट्टी मोडली" म्हणाला की आपण लगेच "मग बाईंना का नाही सांगितलंस?" सांगून वर आपलीच चूक निघाली, हे मूल एकदाच शिकतं. नुसतं विचार, "कुठली, ती हिरवी?" पुढचं आपोआप येतं. भाषा सुधारू नकोस, मार्क आणि गृहपाठ त्या वेळात आणू नकोस. आणि त्याच्यादेखत मावशीला फोनवर ते हसत हसत सांगू नकोस. पालकांच्या ग्रुपवर तर मुळीच नको.

मात्र डबा रोज भरलेला परत यायला लागला, रविवारी रात्री पोट दुखायला लागलं, तर ते नुसतं न बोलणं नव्हे. तारखा वहीत टिपून ठेव आणि वेळ घेऊन वर्गशिक्षिकांना भेट; फाटकापाशी चार पालकांत विषय काढू नकोस. मार बसतो असं म्हणाला, तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी आहे, हे मुख्याध्यापकांना लेखी दे. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन रात्री-अपरात्रीही लागते.

रिक्षावाल्या काकांनाही विचारून बघ. परतताना कोण कुणाशेजारी बसतं आणि कोण हल्ली गप्प असतं, ते त्यांना ठाऊक असतं.

तुझी,
आई