'डॉपलर नॉर्मल' म्हणजे नेमकं काय?

संपादक महोदय,

जत-आटपाडीकडून सांगलीला तपासणीसाठी येणाऱ्या कित्येक गरोदर महिलांच्या रिपोर्टवर 'डॉपलर नॉर्मल' एवढाच शेरा असतो. डॉपलर म्हणजे रक्ताचा प्रवाह मोजणारी सोनोग्राफी; हा शेरा बहुधा नाळेतल्या धमनीचा असतो. बाळाचं हृदय कसं चालतंय, ते त्यातून थेट कळत नाही; त्यासाठी हृदयाच्या झडपा आणि डक्टस व्हिनोसस ही यकृताजवळची बारीक शीर पाहावी लागते. या शिरेच्या प्रवाहाच्या आलेखातली 'ए' लाट (हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावतात तेव्हाची) उलटी दिसली तर हृदयावर ताण असल्याची शंका घ्यावी लागते.

घाई केली की इथंच चुकतं. गेट (प्रवाह जिथं मोजायचा ती चौकट) मोठं ठेवलं तर शेजारच्या शिरेचा प्रवाह मिसळतो, फिल्टर (मंद प्रवाहाचे संकेत गाळणारा) जास्त ठेवला तर बारीक लाट पुसलीच जाते. ध्वनिलहरी आणि रक्तप्रवाह यांच्यातला कोन ३० अंशांच्या आत हवा, आणि बाळाची श्वासाची हालचाल थांबेपर्यंत थांबायलाच हवं.

आईला गरोदरपणाआधीपासून मधुमेह असेल किंवा आई-वडिलांपैकी कुणाला जन्मजात हृदयदोष असेल, तर १८ ते २४ आठवड्यांत फीटल इको (बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) वेगळी करून घ्यावी. सोनोग्राफी केंद्रांनीही कोणती रक्तवाहिनी, कितव्या आठवड्यात तपासली आणि ठोके किती होते, हे रिपोर्टवर स्पष्ट लिहावं, ही कळकळीची विनंती.

– गर्भ-सोनोग्राफी करणारे काही डॉक्टर, सांगली